डावा पंख, उजवा पंख आणि मधली निवडणूक

१५ ऑगस्ट २०२४ ला झेंडावंदन उरकल्यावर आमच्या कॉलेजच्या मैदानावर विज्ञान मंडळाचं रेडिओ कंट्रोलचं विमान उडालं, दीड मिनिट झकास फिरलं आणि कुंपणालगतच्या लिंबात शिरलं. धड वाचलं, मोटार वाचली, शेपटीला ओरखडाही नाही. पंखाचा मात्र मधोमध चुराडा. रिमोट इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांच्या हातात होता. ते अजूनही म्हणतात, वारा आला.

मी उदगीरला एका कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा सहायक आहे. लोलक, भिंगं, रिओस्टॅट यांच्यात अठरा वर्षं गेली, पण लाकडाचं काम कधी केलं नव्हतं. विमानांचं वेड मात्र जुनं. बीदर आमच्यापासून लांब नाही, तिथे हवाई दलाचा तळ आहे आणि हवाई कसरती करणारे सूर्यकिरणवाले तिथलेच. लहानपणी आकाशात घरघर ऐकू आली की आम्ही पोरं गच्चीवर पळायचो. म्हणून तो मोडका पंख भंगारात टाकवेना.

आधी कागद. विमान डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, 'नग १' असं चढवलेलं. पंख मोडला म्हणजे पाव नग मोडला का, यावर कार्यालयात खरोखर चर्चा झाली. निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून कमी, करायचं तर अख्ख्या विमानाचं, समितीच्या ठरावाने. नवा पंख घ्यायचा तर तीन दरपत्रकं हवीत. मी पुणे, हैदराबाद, बेंगळुरू असे सगळीकडे मेल टाकले. दोघांनी उत्तर दिलं: हे मॉडेल बंद झालंय, सुटा पंख मिळणार नाही, नवं विमान ११,५०० रुपये. तिसरं दरपत्रक आलंच नाही, म्हणून प्रस्ताव अपूर्ण, म्हणून फाइल परत. हे सगळं होईतो सप्टेंबर संपला. ७ ऑक्टोबरला मी सरांना म्हटलं, मी करून बघते. ते म्हणाले, "ताई, करा की. बिघडून बिघडून काय बिघडणारंय?"

मोडक्या पंखाचा उजवा अर्धा भाग वरून धड दिसत होता. पहिला विचार आला की फक्त डावाच करावा. पण प्लास्टिक सोलल्यावर आत चार रिबांना, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पातळ फासळ्यांना, तडे निघाले. आणि दोन बाजू दोन वेगळ्या वजनाच्या झाल्या तर विमान जन्मभर एका कुशीवर कलणार. म्हणून दोन्ही बाजू नव्याने करायचं ठरलं. जुना भाग नमुन्याला ठेवला, ते फार बरं केलं.

पंखाचा छेद, म्हणजे तो आडवा कापल्यावर दिसणारा आकार, क्लार्क वाय जातीचा. १९२२ सालचा हा आकार नवशिक्यांना आजही वापरायला सांगतात, आणि त्याचं कारण टेबलावर बसल्यावर कळतं. पुढचा साधारण तीस टक्के भाग सोडला की त्याचं पोट सपाट असतं. पोट सपाट म्हणजे पंख पाटावर नीट बसतो, बसतो म्हणजे सरळ चिकटतो. जाडी रुंदीच्या ११.७ टक्के. आमची रुंदी २०० मिलिमीटर, म्हणजे जाडी साडेतेवीसच्या आत-बाहेर. लांबी टोकापासून टोकापर्यंत १,२०० मिलिमीटर, म्हणजे एक बाजू ६००. दर ६० मिलिमीटरला एक रिब धरली तर एका बाजूला ११, दोन्ही मिळून २२.

नकाशा कॉम्प्युटरवर काढला आणि छापायला गावातल्या एका दुकानात दिला. निवडणूक जाहीर झाली होती, दुकानात नेत्यांचे हात जोडलेले फोटो थप्पीने पडलेले. माझा नकाशा दोन बॅनरच्या मधे कधीतरी निघाला. १६० रुपये. घरी येऊन त्यावर जुना पंख ठेवला तर पंख नकाशाच्या बाहेर! मोजलं: २०० चे १९४ झालेले. यंत्राने कागदात बसवायला म्हणून सगळं तीन टक्के आक्रसून टाकलं होतं. पुन्हा १६० रुपये. दुसऱ्या वेळी नकाशाच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ ओढली आणि दुकानातच पट्टी लावून पाहिली. एवढं कराच. जुना पंख हाताशी नसता तर मी १९४ चा पंख बिनदिक्कत बांधला असता आणि तो धडावर बसेना तेव्हा रडले असते.

१९ ऑक्टोबरला बाल्साची, म्हणजे मॉडेल विमानांना वापरतात त्या अगदी हलक्या लाकडाची, ऑर्डर दिली. २ मिलिमीटरच्या चार शीट १७० रुपयांप्रमाणे ६८०, दीड मिलिमीटरच्या चार ६०० ला, पुढच्या-मागच्या कडांच्या पट्ट्या ४८०, चिकटवायचं प्लास्टिक म्हणजे कव्हरिंग फिल्म ६५०, कुरियरचे २४०. पार्सल २८ तारखेला आलं, एका कोपऱ्यात दबलेलं. दोन शीट उभ्या चिरलेल्या. विक्रेत्याने पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो मी काढला नव्हता. फोटोंवर भागवा म्हणून चार मेल झाले आणि एकोणीस दिवसांनी एका शीटचे पैसे आले. तुम्ही आधी मोबाइल उभा करा, मग कात्री घ्या. चिरलेल्या शीट मात्र फेकू नका. बाल्सा रेषेत चिरतो आणि त्यातून रिबा निघतातच.

बाल्साबद्दल एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती. एकाच मापाच्या शीट वजनाला सारख्या नसतात. प्रयोगशाळेतल्या तराजूवर माझ्या चार शीट १७ ग्रॅमपासून ३१ ग्रॅमपर्यंत भरल्या. झाड तेच, पण एक फुलासारखी, दुसरी जवळपास दुप्पट. मी प्रत्येकीवर पेन्सिलीने वजन लिहिलं. हलक्या शीटच्या रिबा टोकाकडे, जड शीटच्या मधल्या सांध्याकडे, आणि डाव्या-उजव्याला वाटणी अगदी सारखी. सोन्या-चांदीचा काटा असलेला सोनार ओळखीचा असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.

स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्यासाठी, मात्र बाल्सा चालत नाही. वाकण्याचा सगळा जोर तिथे येतो. गल्लीतल्या सुतारमामांकडे गेले. त्यांनी आधी सागवान पुढे केलं, कारण पाहुण्याला चांगलंच द्यायचं. मी हिशेब दाखवला: सहा बाय सहा मिलिमीटरची ६०० लांब पट्टी सागवानात चौदा ग्रॅमच्या आसपास जाईल, पाइनमध्ये अकरा. चार पट्ट्यांत बारा ग्रॅमचा फरक. मामा हसले. "बारा ग्रॅमसाठी एवढं? आमचा तर दाराला बारा किलोचा हिशोब नसतो." पण पेटीच्या पाइनमधून त्यांनी अशा पट्ट्या काढून दिल्या की रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. रेषा मधेच बाजूला पळाली तर पट्टी तिथेच तुटते, हे त्यांनीच दाखवलं, एक मोडून. शंभर रुपये आणि चहा.

दिवाळी १ नोव्हेंबरला, भाऊबीज ३ ला. ४ नोव्हेंबरला सोमवारी कामाला हात घातला. एकेक रिब कापत बसले असते तर २२ वेगवेगळे आकार झाले असते. प्रयोगशाळेतल्या टाकाऊ प्लायचे दोन साचे केले, त्यांच्यामधे बाल्साचे अकरा चौकोनी तुकडे ठेवले, आरपार दोन बोल्ट घातले आणि पापडाच्या चळतीसारखा तो गठ्ठा पॉलिश पेपरने घासत गेले. प्लाय लागला की थांबायचं. स्पारच्या खाचा गठ्ठ्यातच हॅक्सॉच्या पात्याने पाडल्या. दोन संध्याकाळी २२ रिबा. पंखा बंद ठेवा आणि तोंडाला रुमाल बांधा. बाल्साची भुकटी मैद्यासारखी उडते, आत्याबाईंच्या फराळाच्या डब्यापर्यंत पोचली. त्या शेजारणीला सांगत होत्या, "सून लाकडाचं पाखरू करलालीय."

पाट कुठला घ्यायचा यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. जुनं फ्लश डोअर दोन खुर्च्यांवर टाकलं. मिस्त्रीची पाणसळ लावली तर मधे झोळ. खुर्च्या काढल्या, फरशीवर ठेवलं, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याच्या तीन घड्या सरकवल्या तेव्हा पाणी मधे आलं. वर थर्माकोलची शीट, म्हणजे टाचण्या रुततात. त्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक, नाहीतर पंख कागदाला कायमचा चिकटतो.

नकाशा एकाच बाजूचा होता. डाव्यावरून उजवा कसा करायचा? इथे लोक हमखास दोन डावे पंख बांधून ठेवतात. मी नकाशाच्या मागून करडईच्या तेलाचा बोळा फिरवला. कागद पारदर्शक झाला, उलटा घातला, रेघा आरशातल्यासारख्या दिसल्या. घरभर फोडणी दिल्याचा वास. तरी नकाशाच्या दोन्ही अंगांना मी मोठ्या अक्षरात 'डावा' आणि 'उजवा' लिहिलं, कारण रात्री साडेदहाला माझा माझ्यावर भरवसा नसतो.

चिकटवायला रिब आणि स्पारला साधा फेविकोल, किरकोळ जागी फेविक्विक. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने धरतं, त्यामुळे उन्हाळ्यात, आपल्याकडे हवा कोरडीठाक असताना, ते धरायला वेळ घेतं. नोव्हेंबरात तो त्रास नव्हता. वरच्या-खालच्या स्पारमधे बाल्साचे उभे तुकडे बसवायचे, लाकडाची रेषा उभी ठेवून. आडवी ठेवली तर त्यांचा उपयोग निम्माही राहत नाही. सर्वोच्या, म्हणजे पंखाच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटारीच्या, वायरीसाठी रिबांना भोकं पाडून त्यातून दोरा ओवून ठेवा. वरून बाल्साची शीट लावल्यावर वायर घालायला जाल तर सुचेल तेवढ्या शिव्या द्याल.

टोकाकडे मागची कड ३ मिलिमीटर उचलून घ्यायची असते, खाली तेवढी पट्टी सरकवून. त्यामुळे विमान हळू झालं तर पंखाचा मधला भाग आधी उचल सोडतो, टोकं शेवटी, आणि विमान एका बाजूला गिरकी घेत नाही. दोन्ही टोकं सारखी उचललेली असतील तरच. घोटाळा इथेच झाला.

उजवा भाग १४ नोव्हेंबरला झाला. मला निवडणुकीची ड्युटी होती, मतदान अधिकारी क्रमांक दोन, दोन प्रशिक्षणं झालेली, १९ ला साहित्य घ्यायला जायचं, २० ला मतदान. १८ ला संध्याकाळी डाव्या भागावर वरचं शीटिंग, म्हणजे बाल्साच्या शीटचं आवरण, चिकटवलं आणि तासाभरात नणंदबाई मतदानासाठी लेकराबाळांसकट पुण्याहून आल्या. खोली पाहिजे. फेविकोल ओला असतानाच मी टाचण्या काढल्या, पंख उचलला, कपाटाशेजारी भिंतीला टेकवून उभा केला आणि मतदान केंद्रावर निघून गेले.

२१ ला दुपारी परत आले, झोपले, उठले, पंख पाटावर ठेवला. टोकाची मागची कड ३ ऐवजी ७ मिलिमीटर वर. २०० च्या रुंदीवर ७ म्हणजे दोन अंश. उजवीकडे जेमतेम एक. हाताने दाबलं तर बसतो, सोडलं की परत वर. शीटिंग आणि उभे तुकडे मिळून ती जी पेटी तयार होते, ती ज्या आकारात वाळते तो आकार कायमचा. हीच तिची ताकद, आणि मी ती चुकीच्या आकारात वाळवली होती.

रडू आलं, लपवत नाही. दोन दिवस त्या खोलीत गेलेच नाही. २३ ला निकाल, बाहेर गुलाल आणि डीजे, भिंती हलत होत्या. त्या गोंधळातच पुन्हा बसले. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली, वाफेने फेविकोल मऊ पडला, शीटिंगची कड स्पारवरून सुरीने सोडवली. उभे तुकडे एकेक काढले, दहापैकी सहा मोडले, नवे कापले. पंख पुन्हा पाटावर, खाली ३ मिलिमीटरची पट्टी, पुन्हा टाचण्या. या वेळी वर प्रयोगशाळेतली वजनं ठेवली आणि दाराला चिठ्ठी लावली: २४ तास हात लावू नये. तीन संध्याकाळी गेल्या. मोजलं तर साडेतीन आलं. उजव्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त. तिथे मी थांबले.

दोन भाग जोडताना टोकं थोडी वर हवीत, प्रत्येक बाजू तीन अंश. एक बाजू पाटावर सपाट ठेवून दुसरी उचलायची तर सहा अंश धरावे लागतात, म्हणजे टोकाखाली ६३ मिलिमीटरचा ठोकळा. मी आधी तीन अंशांचा, ३१ चा, घेतला होता. अराल्डाइट कालवण्याआधी सरांनी टोकलं. सांध्यात तीन मिलिमीटर प्लायची कोयरीसारखी पट्टी. एलेरॉन (मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या), बिजागऱ्या, सर्वो हे दोन दिवसांत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गोंद, पिना, पॉलिश पेपर मिळून साडेतीनशे.

८ डिसेंबर, रविवार, कव्हरिंग. इस्त्रीला जुना सुती मोजा घातला, टाकाऊ तुकड्यावर तापमान बघून घेतलं आणि बटणावर पेनाने खूण केली. आधी पोट, मग पाठ, म्हणजे वरची कड खालच्यावर येते. कडा चिकटवून झाल्या की मग फुगे आक्रसवायचे, आणि ते आलटून पालटून, थोडं वर, थोडं खाली. एकच बाजू ताणली तर पंख पुन्हा पिळतो. माझा डावा तसा एक मिलिमीटर पिळलाच. पण फिल्म लावल्यावर हा पीळ उलटा काढता येतो. कुणीतरी पंख उलट्या दिशेने पिळून धरायचा, दुसऱ्याने इस्त्री फिरवायची, थंड होईपर्यंत सोडायचं नाही. पिळून धरायला आत्याबाई बसल्या. वरून पिवळा, खालून काळे पट्टे, म्हणजे आकाशात विमान उलटं झालं तर कळावं. सर्वोंसकट वजन २३८ ग्रॅम.

१५ तारखेला भार लावून पाहिला. पंख उलटा करून मधला भाग दोन जाड पुस्तकांवर ठेवला. पंख सोडून विमानाचं वजन ६६० ग्रॅमच्या आसपास. घट्ट वळणात चौपट भार धरला तर २,६४० ग्रॅम. तूरडाळीच्या पाव किलोच्या बारा पुड्या बांधल्या, सहा इकडे, सहा तिकडे, मधे दाट आणि टोकाकडे विरळ. टोकं नऊ मिलिमीटर वाकली, एकदा 'कट्' आवाज आला, आणि पुड्या काढल्यावर टोकं जागेवर. तो आवाज कसला होता ते अजून सापडलेलं नाही. डाळ परत डब्यात गेली.

उडवण्याआधी दोन गोष्टी. 'ड्रोन नियम, २०२१' प्रमाणे २५ किलोपर्यंतचं, शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं विमान 'मॉडेल' या प्रकारात येतं, त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाचं सरकारी प्रमाणपत्र, लागत नाही. आमच्या विमानाची नोंदणी आधी झालेली, क्रमांक धडावर चिकटवलेला. ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी नको, पण तो नकाशा बदलू शकतो, म्हणून त्याच दिवशी बघा. तरीही मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. नोव्हेंबरात गेले तेव्हा आचारसंहिता संपल्यावर या म्हणाले. डिसेंबरात आवक शिक्का मिळाला. त्या वर्षी पावसाळ्यात बीड-जालन्याकडे रात्रीचे ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी राहिली होती. शिक्क्याची प्रत खिशात असली की रानात कुणी विचारलं तर बोलायला सोपं जातं. शेतमालकाने विचारलंच. "बाई, ह्याला कॅमेरा हाय का?" नाही म्हटल्यावर तो आमच्याबरोबर बांधावर बसला.

२२ डिसेंबर, सकाळी साडेसात. थंडी, तुरीच्या शेंड्यालाही हालचाल नाही. पुढच्या कडेपासून ५५ मिलिमीटरवर बोटं टेकवून तोल पाहिला. उजवं टोक जरा हलकं होतं, त्यात दोन बारीक खिळे ठोकले. माझ्या हातात रिमोट घ्यायची हिंमत झाली नाही. सरांना म्हटलं, इथे लिंब नाही. त्यांनी फेकलं. विमान आधी जरा डावीकडे झुकलं. तो अर्धा मिलिमीटर असावा, किंवा तो 'कट्'. सरांनी रिमोटवरून उजवीकडे दोन टिचक्या ट्रिम, म्हणजे कायमचा हलका कल, दिली आणि मग ते सरळ गेलं. पुढे सहा मिनिटं मी काय बोलले ते मला आठवत नाही, पोरांनी व्हिडिओत काढलंय, त्यात मी नुसतं "डावा, डावा, डावा" म्हणतेय. उतरताना तुरीत घुसलं. उजव्या पंखाची फिल्म वितभर फाटली, आत काही मोडलं नाही.

खर्च ३,४२० रुपये, चिरलेल्या शीटचे परत आलेले वजा न करता. जानेवारीत कार्यालयात गेले की पंखाची नोंद करा. क्लार्कने विचारलं, बिल? बाल्साचं आहे, सुतारमामांचं नाही. मामांकडे पावतीपुस्तक नाही, आणि शंभर रुपयांसाठी त्यांना वहीवर सही मागायला मला लाज वाटते. शिवाय विमानाच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र कुणी दिलंच नव्हतं, त्यामुळे कागदावर ते विमान अजून मोडलेलंच आहे. सध्या ते माझ्या कपाटावर आहे, डावा पंख भिंतीला न टेकवता.